तेहतीसचा आकडा

मित्रांनो, गाडीच्या टायरमधली हवा मोजणारं जुनं मीटर आहे मी. वसईत आलोशियस सरांच्या ओटीवर, छत्रीशेजारच्या खिळ्याला टांगलेलं असतं. माझी काच तडकलीय, पण काटा अजून खरं तेच दाखवतो. कुणाची खुशामत करणं मला कधी जमलंच नाही!

सरांनी पहिली गाडी घेतली, त्याच आठवड्यात मलाही घरी आणलं. दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला निघण्याआधी ते उकिडवे बसायचे आणि चारही टायर तपासायचे. "गाडी चालली की टायर तापतो, आकडा वाढतो. मोजायचं ते थंड असताना," असं मुलाला, फ्लॉईडला, समजावायचे. हवा कमी असली तर पायपंप मारायचे. हवा बरोबर झाली की छोटा फ्लॉईड माझ्यावरचा आकडा ओरडून वाचायचा, "तेहतीस!" दारातून ज्युलीबाई हाक मारायच्या, "अहो, पुरे आता! मिस्सा चुकेल!" काय सुखाचे दिवस होते ते!

पुढे सरांचे गुडघे गेले. फ्लॉईडने नवी गाडी आणली. "डॅडी, हवा कमी झाली की हिच्यात दिवा लागतो. मीटर कशाला?" झालं! मी खिळ्यावर धूळ खात पडलं.

गेल्या मे महिन्यात सगळी कळंबला गेली. गाडी किनाऱ्यावरच्या वाळूत रुतली. चारही टायरची अर्धी हवा सोडली, तेव्हा कुठे ती बाहेर निघाली. घरी आल्यावर सरांनी ओटीवरच विचारलं, "फ्लॉईड, सोडलेली हवा भरलीस काय रे? दिवा लागलाय ना?"

"लागणारच, डॅडी. हवा आपणच सोडलीय ना! उद्या पंपावर भरतो."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खाली बसता येत नव्हतं. मी हातभर अंतरावर होतं, पण बोलणार कसं?

दुसऱ्या दिवशी सरांना डोळे तपासायला मुंबईला न्यायचं होतं. निघायला उशीर झाला. पंप राहून गेला. हायवेवर कमी हवेचा टायर तापून फुटला. फ्लॉईड वाचला. माझे सर गेले.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. सोडलेली हवा त्याच दिवशी भरा. दिवा का लागलाय हे माहीत आहे, म्हणून तो तसाच ठेवू नका.

आता दर रविवारी फ्लॉईड मला खिळ्यावरून काढतो. एकेक टायर दोनदोनदा मोजतो. "तेहतीस," असं हळूच म्हणतो आणि तिथेच बसून राहतो. चर्चची घंटा होते. ज्युलीबाई दारात तयार उभ्या असतात, पण त्याला ऊठ म्हणत नाहीत.