पट्टीवरचा अंगठा

कारखान्यात बसचे दरवाजे बनत. ॲल्युमिनियमची चौकट, तिच्यावर काचतंतू घातलेल्या प्लास्टिकचा पत्रा आणि दोघांच्या मध्ये गोंद. गोंदाने नीट धरावं म्हणून चौकट आधी पॉलिशपेपरने घासायची. हे काम घासूनाना एकतीस वर्षं करत होते. इतकं घासलं की त्यांच्या बोटांवरच्या रेषासुद्धा गेल्या. हजेरीच्या यंत्रावर सगळे अंगठा लावत, पण नानांचा अंगठा यंत्राला दिसतच नसे. मग हजेरी कारकुनाने त्यांच्या एकट्यासाठी सहीची वही ठेवली. रोज सकाळी ती पुढे सरकवताना तो म्हणे की नाना, यंत्राच्या हिशेबी तुम्ही अजून जन्मलाच नाहीत.

मग लेझर आला. घासणं नाही, धूळ नाही. किरण नुसता फिरतो, धातूवरचा मळ नि तेलकटपणा जाळतो आणि वर गोंदाला धरायला बारीकशी खरखर ठेवून जातो. तो चालवायला कंपनीने जी मुलगी घेतली ती नानांचीच लेक. नोकरी कच्ची, सहा महिन्यांची. घरी जेवताना ती बापाला बजावायची की किरण फिरलेल्या पट्टीला उघडा हात लावायचा नाही, बोटाचं तेल लागलं की केल्यासवरल्यावर पाणी. नाना मान डोलवत आणि मनात म्हणत, आमच्या पॉलिशपेपरला असले नखरे नाहीत.

शेवटी परीक्षा ठरली. एक पट्टी नानांनी घासलेली, एक लेझरची. दोन्ही प्लास्टिकला चिकटवायच्या आणि दुसऱ्या दिवशी यंत्रात ओढून बघायच्या. लेझर जिंकला तर मुलगी कायम आणि घासाईचा विभाग बंद. हरला तर यंत्र परत आणि मुलगी घरी. म्हणजे नाना जिंकले तर लेक हरणार होती. बिचाऱ्यांनी आपली पट्टी तरीही जीव ओतून घासली, कारण वाईट घासणं त्यांना येतच नव्हतं.

मोठे साहेब पाहायला आले. मागे सहा धाकटे साहेब. मुलीने हातमोजे घालून लेझरची पट्टी समोर धरली, तर साहेबांनी पट्टीच्या मधोमध आपला अंगठा चांगला दाबला आणि काय स्वच्छ आहे म्हणून कौतुक केलं. सहा जणांनी ती स्वच्छता लांबूनच मान्य केली. पुन्हा एकदा किरण फिरवू का, असं मुलीने विचारलं. विभागप्रमुखाने तिला बाजूला घेतलं आणि साहेबांचा हात घाण आहे असं तिचं म्हणणं आहे का, ते विचारलं. तसं तिचं म्हणणं नव्हतं, निदान नोकरी कच्ची असेपर्यंत तरी. नानांनी सगळं पाहिलं आणि मूग गिळले. खोटं कशाला सांगा, त्यांना घटकाभर बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी नानांच्या पट्टीने बराच ताण सोसला. लेझरची त्याच्या निम्म्यातच कटकन सुटली. कडेने गोंद धातूला घट्ट चिकटून होता, आणि मधोमध अंगठ्याएवढी उघडी जागा, तिच्यात रेषा न् रेषा उमटलेली. कुणाचा तरी अंगठा लागलाय, असं विभागप्रमुख म्हणून गेला आणि कुणाचा ते मग त्याला आठवलं. सहा जण छताकडे पाहू लागले. साहेबांनी दोन्ही हात खिशात घातले. यंत्रच फार नाजूक दिसतंय, परत केलेलं बरं, असं एकाने सुचवलं. मुलगी हातमोजे काढायला लागली. ते नानांना बघवेना.

"तो अंगठा माझा," ते म्हणाले. "काल तुमची पाठ वळल्यावर मी लावला. सवयच आहे हाताला."

साहेबांचे हात खिशातून बाहेर आले. बापाने लेकीच्या प्रगतीवर जळू नये, असे चार शब्दही त्यांनी ऐकवले. मुलीने तोंड उघडलं, तेवढ्यात नानांनी तिला डोळ्यांनीच दटावलं. नवी पट्टी झाली. तिला कुणी हात लावला नाही. ओढता ओढता प्लास्टिक फाटलं, पण जोड काही सुटला नाही. मुलगी कायम झाली, घासाईचा विभाग बंद झाला आणि नानांना कबुलीजबाब द्यायला हजेरी कारकुनाकडे धाडलं.

कागदाला पट्टीचा फोटो जोडलेला होता. कारकुनाने त्यातल्या ठसठशीत रेषा पाहिल्या, मग नानांचा गुळगुळीत अंगठा पाहिला.

"ठसा तुमचाच ना, नाना?"

"माझाच."

कारकुनाने शाईचा पॅड बंद करून खणात ठेवला आणि पेन पुढे केलं.

"मग इथं सही करा," तो म्हणाला. "अंगठा तुमचा उमटत नाही."