मळहातावरचं तूप

औरंगपुऱ्यात त्रिंबकशेठचं तुपाचं दुकान कुठं आहे, हे कुणाला विचारावं लागत नाही. वळणावरच कढलेल्या लोण्याचा वास सामोरा येतो आणि गिऱ्हाइकाला हाताला धरून आत नेतो. पोलीस ॲक्शननंतर वर्षा-दोन वर्षांत त्यांच्या वडिलांनी ते थाटलं, छावणीतल्या मेसला तूप पुरवत वाढवलं, आणि मुलाला शाळेतून काढून गल्ल्याशेजारी बसवताना त्याला एकच विद्या दिली. थेंबभर तूप मळहातावर, म्हणजे तळहाताच्या उलट्या बाजूला घ्यायचं, अंगठ्यानं चोळायचं आणि अंगाची ऊब लागली की नाकाशी न्यायचं. डब्यात असताना तूप कसलंही सोंग आणू शकतं, माणसाच्या कातडीवर आलं की त्याला ते जमत नाही.

त्या नाकाच्या गोष्टी बाजारात अजून सांगतात. सिल्लोडकडचा एक बडा आडत्या गाडीभर डबे घेऊन आला होता, गोड बोलून, पान पुढं करून. त्रिंबकशेठनं झाकणाला हातसुद्धा न लावता, चहाची बशी खाली ठेवत म्हटलं होतं, “पाहुणे, पान घेतो मी तुमचं. पण ते मागल्या फळीजवळचे डबे तेवढे गाडीतच राहू द्या.” आडत्या हसला, मग हसायचा थांबला. एक खवट डबा शेजारच्या दहा डब्यांची अब्रू घेतो, असं शेठचं म्हणणं, आणि असला डबा दिसला की तो कुणाचाही असो, ते त्याला उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत.

असं हे नाक स्वित्झर्लंडच्या बर्फात बंद पडलं.

मुलानं, काकासाहेबानं, हट्टानं आईबापाला परदेशी सहलीला धाडलं होतं. डोंगरमाथ्यावरच्या बर्फाच्या बोगद्यात सगळी मंडळी पुढं गेली आणि त्रिंबकशेठ निळ्या भिंतीला हात लावून बघत जरा मागं राहिले. बाहेर आले ते शिंकतच. त्यानंतर उरलेली सगळी सहल त्यांना कशाचाच वास आला नाही. “बरं झालं,” ते बसमधल्या लोकांना म्हणायचे, “यांच्या चीजचा वास आला असता तर मी डोंगरावरून उडीच टाकली असती!” सगळे हसायचे. त्यांची बायको मनकर्णाबाईही हसायच्या; फक्त त्या दिवसापासून हॉटेलात त्या भिंतीकडं तोंड करून झोपायला लागल्या. शेठनं ते पाहिलं आणि थंडी असेल म्हणून सोडून दिलं.

परतीचं विमान वर चढलं तसे कानांना दडे बसले, कुठंतरी आत खट्ट झालं, आणि नाक उघडलं. त्या उघडलेल्या नाकात पहिला वास आला तो खवट तुपाचा.

साधा खवट नव्हे. उन्हाळाभर बंद खोलीत विसरलेल्या डब्याचं झाकण काढल्यावर जो गोडसर, ओशट भपकारा घशात उतरून बसतो, तो. त्रिंबकशेठ सावरून बसले. खिडकीशी मनकर्णाबाई, मधे ते स्वतः, आणि पलीकडं सुरतेचा एक हिरे-व्यापारी, बोलका माणूस.

“तुझ्या पिशवीत तुपाची डबी राहिली काय गं?”

“नाय बा. कवाच संपलं ते. डबी धुऊन मोठ्या बॅगंत टाकली.” खिडकीकडून तोंड न वळवता त्या बोलल्या. पदर नाकाशी धरलेला होता.

शेठ जरा वाकले, खाली काही पडलंय असं दाखवून त्यांनी श्वास घेतला. वास तिथंच होता. त्यांनी बायकोकडं पाहिलं. मानेवर घामाची बारीक चकाकी, बांगड्यांखाली दबलेली पांढुरकी कातडी, कानामागं चिकटलेले केस. इतकी वर्षं या बाईच्या अंगाला शिकेकाईचा आणि वेलदोड्याचा वास असायचा, आणि आता तिच्या हाताकडं बघताना त्यांना वाटलं की हे बोट दाबलं तर आतून पिवळं, पातळ असं काहीतरी झिरपेल. त्यांनी मान फिरवली.

जेवणं आली. त्यांच्या घरी रीत अशी की शेठचं जेवण झालं की त्याच ताटात मनकर्णाबाई वाढून घ्यायच्या. सहलीतसुद्धा त्यांनी ती मोडली नव्हती, सोबतच्या बायका चिडवायच्या, “मनकर्णाबाई, इथं ताटांचा काय दुष्काळ पडला का?” आताही सवयीनं शेठनं अर्धा भात ठेवून ताट बायकोकडं सरकवलं, आणि सरकवतानाच तिची बोटं त्या भातात कालवताना डोळ्यांपुढं आली, भाताची शितं त्या बोटांना चिकटून चकाकताना, आणि त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसलं.

“नको,” त्या म्हणाल्या. “मला भूक नाय.”

शेठना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

थोड्या वेळानं हिरे-व्यापारी रुमाल तोंडाला लावून उठला. “शेठजी, पीछे सीट खाली है, जरा लेट लेता हूँ.” जाताना त्यानं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. म्हणजे वास माझ्या अंगावरून त्याच्यापर्यंत गेला, शेठनं हिशेब मांडला, आणि लोकांत आपली मान खाली घालायला लावणाऱ्या या बाईचा त्यांना राग आला. ते उठून विमानाच्या चिंचोळ्या मोरीत गेले. तिथंही वास होताच. कपड्यांना लागला असणार. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, मान धुतली, परत आले. मनकर्णाबाई डुलकी घेत होत्या, चेहरा मोकळा, शांत. शेठ बसले तशा त्या जाग्या झाल्या आणि पदर पुन्हा नाकाशी गेला. तिला ठाऊक आहे तर, त्यांना वाटलं. ठाऊक आहे आणि लपवते आहे.

आखातात विमान बदललं, मुंबईत बदललं. प्रत्येक ठिकाणी शेठ तिच्यापासून चार खुर्च्या सोडून बसले, आणि प्रत्येक ठिकाणी वास त्यांच्या मागं आला.

चिकलठाण्याच्या विमानतळावर काकासाहेब गाडी घेऊन आला होता. बापाच्या पाया पडायला वाकला, उठला आणि पाऊलभर मागं सरला. “अण्णा, लई थकला तुमी,” एवढंच म्हणाला. बाहेर मे महिन्याचं ऊन, तरी त्यानं एसी न लावता गाडीच्या चारी काचा खाली घेतल्या. मनकर्णाबाई मागं बसल्या. बॅगा चढवायच्या निमित्तानं शेठनं मुलाला गाडीमागं ओढलं.

“तुझ्या आईला आजच जालन्याला सोड. मामाकडं.”

“आजच? काहून?”

“मला इचारतो? मग काचा काहून खाली केल्या तू?”

काकासाहेब बापाकडं बघत राहिला. मग त्यानं डिकीचं झाकण लावलं. “जेवण करून घ्या आधी,” म्हणाला. “मग बघू.”

क्रांती चौकातल्या सिग्नलला शेठनं आरशात पाहिलं. मागच्या काचेतून बॅगा चढवतानाचं सगळं ऐकू गेलं असणार, कारण मनकर्णाबाईंचे डोळे भरलेले होते. शेठना दया आली नाही. खवट डबा उंबऱ्याच्या आत घ्यायचा नाही, मग तो कुणाचाही असो.

घरी पोचल्यावर शेठनं अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं. सूनबाईनं ताट मांडलं. मनकर्णाबाई समोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “मला आज दुसरं ताट दे गं.” सूनबाईचा पळीचा हात तसाच थांबला, मग तिनं दुसरं ताट मांडलं.

भातावर तूप आलं. शेठनं वाटी नाकाशी नेली. घरचं तूप, रवाळ, गोड, कुठंही बट्टा नाही. नाक शाबूत आहे, त्यांना बरं वाटलं. मग सवयीनं त्यांनी थेंबभर तूप डाव्या मळहातावर घेतलं, अंगठ्यानं चोळलं, ऊब लागू दिली आणि नाकाशी नेलं.

विमानातला वास.

त्यांनी हात धोतराला पुसला. दुसऱ्या मळहातावर थेंब घेतला, चोळला. तोच. पुन्हा वाटी हुंगली. वाटी गोड होती.

मनकर्णाबाईंनी ताटावरून आपला हात पुढं केला, उलटा, बोटं मिटून, तूप पारखायला आलेल्या गिऱ्हाइकासारखा. शेठनं बोटानं त्यावर थेंब ठेवला, चोळला आणि वाकले. वेलदोडे, शिकेकाई, चुलीवरचं लोणी. संसारभराचा वास.

“मला वाटलं, घरी आल्यावर जाईल,” त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या हातानं त्यांनी नाकावरचा पदर घट्ट धरला.