बरणीखालची समाधी

डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. कोंबडीची पिल्लं उबवण्याच्या केंद्राचं आवार आहे, माणसांनी गच्च भरलेलं. टेबलावर काचेच्या दोन बरण्या पालथ्या. एकीखालचं पिल्लू चोच वासून धापा टाकतंय. दुसरीखालचं असं निवांत बसलंय, जणू माहेरी आलंय.

"पाहा!" श्वासमहाराज गरजले. "हे साधं, हे आमचं. आमच्या पिल्लानं अंड्यातच श्वास जिंकला!"

टाळ्या पडल्या. बरण्या उचलल्या गेल्या.

केंद्र भिंगरीच्या आईचं. तिथे उबवण्याची दोन यंत्रं होती. डाव्या यंत्राला महाराजांनी मंतरलेलं फडकं लावलं होतं, उजवं साधंच होतं. डाव्यातली निम्मी अंडी फुटलीच नाहीत. त्यांना मोक्ष मिळाला, असं महाराजांनी कळवलं. आता पाळी भिंगरीच्या आजोबांची होती. त्यांना दमा. सकाळपासून त्यांच्या खोलीच्या फटी तसल्याच फडक्यांनी बुजवल्या होत्या आणि दम्याचा पंप महाराजांच्या झोळीत गेला होता.

"आई, आजोबांना कोंडलंस?"

"गप गं. औषधांनी काय दिवे लावले? पिल्लं बघितलीस ना?"

भिंगरीनं बघितली होती. यंत्रं पुसताना आणखी एक गोष्ट बघितली होती: फडकं यंत्राच्या हवेच्या भोकांत कोंबलं होतं. ती धावत जाऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आली.

"महाराज, उजव्या यंत्रातल्या पिल्लालाही आशीर्वाद द्या की," भिंगरी म्हणाली.

"त्याचा योग नाही, बाळ."

"द्या हो महाराज, पोर एवढं म्हणतंय!" गर्दीच ओरडली.

महाराजांनी पिल्लाच्या डोक्यावर बोट ठेवलं. बरणी पालथी झाली. थोड्या वेळानं पिल्लू धापा टाकू लागलं. महाराजांनी मंत्राचा आवाज वाढवला. पिल्लानं धापांचा.

डॉक्टरीणबाईंनी बरणी उचलली. "अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात. आतलं पिल्लू त्यांतून हवा घेतं. यंत्राची भोकं बुजली आणि प्राणवायू कमी पडला. काही पिल्लं आतच मेली. जगली त्यांच्या शरीरातली धोक्याची घंटा कच्ची राहिली. हवा कमी पडली की जोरानं श्वास घ्यायचा, हे त्यांना नीट जमत नाही. ही समाधी नव्हे, बाबांनो. गुदमरताना ओरडायचं राहून गेलंय."

"विज्ञानाला जे कळत नाही..."

"ते फडकं काढल्यावर कळतं, महाराज."

मुलांनो, चमत्कार दिसला तर बघा जरूर. फक्त टाळी वाजवण्याआधी विचारा, हेच दुसऱ्या पिल्लावर करून दाखवाल का?

आईचा चेहरा उतरला. तिनं झोळी ओढली, पंप नव्हता. भिंगरीही नव्हती.

ती आजोबांच्या दाराशी पोचली होती. "कोण?" आतून घरघरता आवाज आला. "मोक्ष आला का?"

"मी आलेय," भिंगरी म्हणाली. तिनं कडी काढून पंप त्यांच्या हातात दिला, खिडकीतलं फडकं ओढून काढलं आणि खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली.