वाट बघण्याची तबकडी

मी एक जुनी तबकडी आहे, मित्रांनो. जुनी म्हणून माझी कीव करायची असेल तर आत्ताच उठा. कीव करून घ्यायची मला सवय नाही. मी लाखेची आहे. बांगड्यांना लागते तीच लाख. तिच्यात दगडाची पूड आणि काजळी कालवून मला तापवली आणि साच्यात दाबून काढली. हातातून पडले तर फुटेन, पण वाकणार नाही. हल्लीच्या कॅसेटीतल्या फितीसारखी आतड्यागत बाहेर लोंबणारी जात माझी नव्हे.

आम्ही चौघी बहिणी. चौघींत मिळून एकच वग भरलेला. वग म्हणजे गाण्यांतून आणि बोलण्यातून सांगितलेली गोष्ट. साताऱ्याकडच्या एका फडाने तो गायला होता. पहिलीत लग्न. दुसरीच्या एका अंगाला नव्या नवरीचं खट्याळ गाणं, दुसऱ्या अंगाला नवरा पलटणीत निघतो. तिसरी मी. माझ्या दोन्ही अंगांना ती बाई नुसती वाट बघते. चौथीत नवरा घरी येतो. जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकाला चार खिसे करून, वर आकडे घालून आम्हाला बसवलं होतं. आल्बम म्हणत त्याला. क्रम चुकवायचा म्हटला तर वेड्यालाही चुकवता येऊ नये, अशी सोय होती. शहाण्यांची सोय मात्र कुणी केली नव्हती.

सांगलीच्या दुकानातून आम्हाला आकारामने घेतलं. आकाराम फौजेतला शिपाई. सुट्टीवर आला, लग्न केलं, आणि हळद निघायच्या आत परत जायची वेळ झाली. म्हणून बायकोसाठी त्याने किल्लीचा फोनो आणि आम्हा चौघींना घरी आणलं. गाव कृष्णाकाठचं, चारी बाजूंना ऊस. बायकोचं नाव अंजना. आई बनुबाई. या बनुबाईसारखी फटकळ बाई मी दुसरी बघितली नाही, आणि म्हणूनच ती मला आवडली. धाकटा भाऊ नानासो, सांगलीच्या पेठेतली हळद ट्रकने मुंबईला नेणारा.

एकाहत्तरची लढाई झाली. गावातली बाकीची पोरं सुट्टीवर येऊन गेली. आकाराम आला नाही. मेला म्हणून कुणी सांगेना, जिता आहे म्हणूनही कुणी सांगेना. 'बेपत्ता' एवढा एकच शब्द सरकारकडून आला.

त्या दिवशी बनुबाईने घरात एक कायदा केला. अंजना चुलीपुढे हुंदके देत होती, तिच्या हातातली फुंकणी काढून घेऊन ती म्हणाली, "डोळं पूस. जित्या माणसाच्या नावानं रडलं की त्येचं आयुष्य तुटतं. माझ्या घरात त्येच्यासाठी रडायचं न्हाई. तूबी न्हाई, मीबी न्हाई."

"न्हाई रडत, आत्या," अंजना म्हणाली. कपाळावर कुंकू, हातात हिरवा चुडा, आणि डोळे कोरडे. असे महिने गेले. अशा बाईचं काय होत असेल, तुम्हीच विचार करा. तिच्या हातची भाकरी करपायची. बोलता बोलता ती मध्येच थांबायची आणि आपण बोलत होतो हेच विसरायची.

आमच्याकडे अमावस्येला औत धरत नाहीत. बैलांना विसावा, तसा बायकांनाही थोडा. अशा एका अमावस्येला दुपारी अंजनाने फोनो काढला. शेजारची शालूबाई आली, गल्लीतल्या आणखी बायका आल्या. पहिली लागली, दुसरी लागली. कुणी वाती वळतंय, कुणी शेंगा फोडतंय. दुसरीच्या गाण्याला हशा झाला. मग माझी पाळी आली. सुई टेकली, त्या बाईने पहिली ओळ उचलली, आणि अंजना फुटली. पदर तोंडात कोंबूनही आवाज राहीना.

शालूबाई म्हणाली, "आवं बनुबाई, बघा की तुमची सून! तबकडीतल्या बाईसाठी डोळं गाळती."

सगळ्या बनुबाईकडे बघू लागल्या. तिचा कायदा सगळ्या गल्लीला ठाऊक होता. बनुबाई शेंगा फोडत राहिली. "गाळू दे की," ती म्हणाली. "परक्या बाईसाठी रडाय माझ्या घरात बंदी न्हाई." आणि तपकिरीची डबी काढून तिने नाकाशी नेली.

मित्रांनो, तेव्हापासून दर अमावस्येला हेच होऊ लागलं. मला लावली की अंजना रडायची, आणि तिच्या आडोशाने बाकीच्याही. कुणाचं पोर गेलेलं, कुणाचं माहेर तुटलेलं. बनुबाईला नेमकी तेव्हाच तपकीर झोंबायची. मग चौथी लागायची, नवरा घरी यायचा, बायका नाक शिंकरून उठायच्या. मध्येच उठायची चाल नव्हती. एकदा शालूबाई म्हैस सुटली म्हणून उठू लागली, तर बनुबाईने तिला लुगड्याला धरून बसवली. "म्हस कुटं काशीला जात न्हाई. त्यो वाटंवर हाय, त्येला घरात येऊ दे, मग ऊठ."

दुसऱ्या दिवशी अंजनाची भाकरी चांगली व्हायची. पुढची अमावस्या येईपर्यंत ती माणसात असायची. मी गर्वाने सांगते, हे काम माझं होतं. माझं गाणं कुणी कधी गुणगुणलं नाही. पण माझ्याशिवाय चौथीच्या येण्याला काय किंमत?

मग अठ्ठ्याहत्तर साली नानासोने मुंबईहून टेपरेकॉर्डर आणला. सेलवर चालणारा, पट्ट्याने खांद्याला अडकवायचा. अख्खा गाव बघायला लोटला. नानासोने फोनोपुढे तो धरला आणि दुसरीचं खट्याळ गाणं त्यात भरून घेतलं. मध्ये बनुबाई "कोंबडी हाकल रं" म्हणाली, तेही भरलं गेलं. ते ऐकून लोक पोट धरून हसले.

त्यानंतर ते गाणं गावभर हिंडू लागलं. मोटेवर तेच, गुऱ्हाळावर तेच, ट्रकात तेच. संपलं की फीत मागे, परत तेच. नवरी हसायची, मुरडायची, आणि परत हसायची. तिचा नवरा काही पलटणीत जायचा नाही. माझी दुसरी बहीण तर एवढी फुगली की आमच्याशी बोलेना. ज्याला जेव्हा हवं तेव्हा, जिथं हवं तिथं, जेवढं हवं तेवढंच मिळू लागलं. गोष्टीतला गूळ तेवढा खायचा आणि भाकरी कुत्र्याला!

पुढच्या अमावस्येला अंजनाने घराचा पुढचा सोपा सारवून फोनो मांडला. कुणी आलं नाही. ती शालूबाईला बोलवायला गेली.

"अगं, त्यात काय मेलं बसून ऐकायचं?" शालूबाई म्हणाली. "नानासोच्या टेपात हायच की. जाता-येता कानावर पडतंय."

एकटीने मला लावायची अंजनाची छाती झाली नाही. बायकांच्या गराड्यात ती परक्या बाईसाठी रडत होती. रिकाम्या सोप्यात रडली असती तर ते कुणासाठी, हे सासूला सांगावं लागलं नसतं. तिने फोनो झाकून ठेवला. तशीच दुसरी अमावस्या गेली, तिसरी गेली. भाकरी परत करपू लागली.

शेवटी तीच नानासोला म्हणाली, "भावजी, सगळा वग भरून द्या की टेपात. तुमच्या टेपाला तर सगळ्या येतील."

नानासो वाईट नव्हता, मित्रांनो. वाईट असता तर मला त्याला दोन शिव्या तरी देता आल्या असत्या. वहिनीवर त्याचा जीव होता. ही तिसरी तबकडी लागली की वहिनी रडते, एवढंच त्याने वर्षानुवर्षं बघितलं होतं. त्याने फोनो उचलून मळ्यातल्या खोपीत नेला, तिथे शांतपणे वग भरला, आणि अमावस्येला टेप सोप्यात आणून ठेवला. टेपाचं नाव काढल्यावर बायका खरंच जमल्या. खूप दिवसांनी सोपा भरला होता. अंजना खांबाला टेकून बसली. पदराचं टोक तिने आधीच मुठीत धरलं होतं. पलीकडे बनुबाईने डबी काढून मांडीवर ठेवली.

लग्न झालं. नवरी हसली. नवरा पलटणीत निघाला, त्याची गाडी सुटली. आणि पुढच्याच दमाला ढोलकी कडाडली, नवरा घरी आला.

शालूबाईने टाळी वाजवली. "आला की गं बया, लगीच!"

मी आतल्या फळीवर पडून ऐकत होते. अंजनाची मूठ तशीच होती.

"भावजी, मधलं कुटं हाय?"

"काढून टाकलं, वैनी." नानासो खुशीत होता. "कशाला ते रडगाणं? तुमाला किती तरास हुतो, मी काय बघत न्हाई व्हय? आता बगा, गेला की आला."

"असा कुणाचा आलाय, भावजी?"

 फितीतले लोक तेवढे आनंदाने गात होते.

"बंद कर ते," बनुबाई म्हणाली. "फोनो काढ."

नानासोचा चेहरा उतरला. "आई, फोनो... त्यो दिला की सांगलीत. कॅसेटी घेतल्या त्येच्यावर. म्हटलं, आता कोण त्येला किल्ली देत बसतंय."

बनुबाईने मांडीवरची डबी न उघडताच कनवटीला खोचली. बायका एकेक करून उठल्या. कुणाला लुगड्याला धरून बसवायला तिने हात पुढे केला नाही. नानासो दुसऱ्याच दिवशी सांगलीला धावला, पण तोवर फोनोचे भाग सुटे होऊन गेले होते.

काही दिवसांनी दुपारी बनुबाई आत आली. फळीवरून मला खाली घेतलं, पदराने पुसलं, आणि निवडणटिपण करत बसलेल्या अंजनाच्या मांडीवर ठेवलं. स्वतः समोर बसली.

"हिच्यातलं म्हण," ती म्हणाली. "चाल नसली तरी चालंल. नुसतं बोल. मी ऐकतो."

अंजनाने पहिली ओळ म्हटली. दुसरी म्हटली. मग ती थांबली.

"पुढं?"

"पुढचं येत न्हाई, आत्या." अंजना माझ्यावरच्या बारीक रेघांकडे बघत होती. "तिथनं पुढं मी कवा ऐकलंच न्हाई. तिथंच मला..." तिने मला सासूपुढे धरलं. "तुमी सांगा की. तुमी तर सगळं ऐकलंय."

बनुबाईने माझ्यावरून बोट फिरवलं.

"मलाबी तेवढंच येतं, अंजने," ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्यात पुढचं सगळं आहे. दोन्ही अंगांना भरून आहे. त्या बाईने वाट बघताना काय काय केलं, कुणाला काय विचारलं, कशी तगली, सगळं. त्या दोघी ते ऐकायला बसल्या होत्या, आणि सुईशिवाय मला एक अक्षर बोलता येत नव्हतं. त्या तशाच बसून राहिल्या. दोघींच्या डोळ्यांत टिपूस नव्हता.

मला जपा, पुसा, फडक्यात गुंडाळून ठेवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. फोनोच नाही तर मला जपून काय करणार? सांगायचं एवढंच आहे, की गोष्ट ऐकायची तर चौघींजवळ बसून ऐका, आणि ज्या जागी काहीच घडत नाही ती जागा गाळू नका. तिथे कुणीतरी बसलेलं असतं. पण तुमच्याही खांद्याला टेपाचा पट्टा आलाच असेल. ऐकाल असं मला वाटत नाही.