मागच्या खोलीतल्या जन्माची साक्ष

मी सिंगापूरमधला एक जुना इंग्रजी बंगला बोलतोय. पांढऱ्या भिंती, काळी लाकडं, खांबांवर उचललेली जमीन, चारी बाजूंनी व्हरांडा. लोक रस्त्यावर गाडी थांबवून माझे फोटो काढतात. काढू देत. आज मला स्वतःचं कौतुक सांगायचं नाही. एक गुन्हा कबूल करायचाय.

१९२६ साली एका रबर कंपनीने मला तिच्या गोऱ्या मॅनेजरसाठी बांधलं. साहेबाला पुढून वारा यावा आणि नोकर दिसू नयेत, असा माझा नकाशा होता. म्हणून मागे, झाकलेल्या वाटेच्या टोकाला, नोकरांच्या खोल्या. साहेब बदलत गेले. लढाईत एक जपानी अधिकारी माझ्या दिवाणखान्यात बूट घालून झोपायचा. नंतर इंग्रज लष्करातला डॉक्टर आला. पुढे इंग्रज गेले, मी सरकारचा झालो आणि भाड्याने फिरू लागलो. कागदोपत्री माझ्या रहिवाशांची नऊ नावं आहेत. मागच्या खोल्यांतलं त्यात एकही नाही. तिथे माळी कृष्णन आणि इस्त्री करणारी त्याची बायको पोन्नम्मा एकोणीस वर्षं राहिले. माझ्या कुठल्याही साहेबापेक्षा जास्त!

२०१२ मध्ये दहावं नाव आलं. पुण्याचे निशिकांत आणि सुनेत्रा, बारा वर्षांची मुलगी ऋचा. तो आयटीत मोठ्या हुद्द्यावर, ती बँकेत. निशिकांतला माझा भारी अभिमान. पाहुणे आले की व्हरांड्यात उभा राहून नऊही साहेबांची नावं घडाघडा म्हणायचा, जणू त्याचेच पूर्वज. आणि मी? मी फुगायचो.

राहायला आल्या दिवशी त्याने माझे दोनशे बारा फोटो काढले. इथे भाडेकरू असंच करतात. घर सोडताना मालकाने 'हा डाग तुमचा' म्हणू नये, म्हणून प्रत्येक ओरखड्याचा फोटो. न्हाणीघरातली तडकलेली फरशी, जिन्याची सैल पायरी, काही सोडलं नाही. मागच्या खोलीच्या दारापर्यंत आला आणि फोन खिशात घातला.

"तिथला नाही काढलास?" सुनेत्राने विचारलं.

"तिथे कोण राहणारे? जुने खोकेच ठेवायचेत."

पुढच्या वर्षी गणपतीला मंडळातल्या पन्नास जणांना जेवायला बोलावलं. मोदक उकडायला मागची खोली मोकळी केली. दाराशेजारच्या भिंतीवर काळ्या रंगात गोल गोल अक्षरं होती, खाली आकडे. बायका येणार, भिंत घाण दिसते, म्हणून सुनेत्राने रविवारी स्वतः रोलर फिरवला. भाडेकरारात लिहिलं होतं, लेखी परवानगीशिवाय रंग लावायचा नाही. पण एका मागच्या भिंतीचं कोण विचारतंय? दोन हात बसले. मला तो थंड, ताजा रंग आवडला, हेही सांगून टाकतो.

नोव्हेंबरमध्ये फाटकाशी एक म्हातारा आला. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाईल. तोआ पायोह या सरकारी वसाहतीतल्या एका खोलीच्या फ्लॅटमधून आलेला सेल्वराजू. कृष्णन-पोन्नम्माचा मुलगा.

"मॅडम, मी इथे जन्मलो. दोनच मिनिटं ला. एक भिंत बघायचीय." इथली माणसं वाक्याच्या शेवटी असा 'ला' लावतातच.

सुनेत्रा घुटमळली. ऋचा म्हणाली, "आई, अंकलना फक्त बघायचंय. व्हाय सो स्केअर्ड?"

तो सरळ मागे गेला. वाट त्याच्या पायांना पाठ होती. दाराशेजारी उकिडवा बसला आणि पांढऱ्या भिंतीवरून तळवा फिरवत राहिला.

"इथे अप्पाने लिहिलं होतं. माझं नाव, दिवस, तारीख."

त्याचा जन्म कुठे नोंदवलेलाच नव्हता. सुईण केव्हाच वारली. चौसष्ट वर्षं याच बेटावर काढूनही तो कुठल्याच देशाचा नागरिक नव्हता. नागरिकत्वाच्या कचेरीतल्या बाईंनी सांगितलं होतं, भिंतीवरची नोंद असेल तर तिचा फोटो आणि घरात राहणाऱ्याचं पत्र आणा, पुन्हा विचार करू.

"मीच रंगवलं ते," सुनेत्रा म्हणाली. "मला वाटलं, पोरांच्या रेघोट्या."

"फोटो असेल ना मॅडम? तुम्ही लोक तर जेवणाचेसुद्धा फोटो काढता."

निशिकांतने लॅपटॉप उघडला. दोनशे बारा फोटो एकेक करून सरकले. शेवटचा मागच्या वाटेचा होता, दाराच्या अलीकडचा.

"मग पत्र द्या," सेल्वराजू म्हणाला. "तुम्ही अक्षरं पाहिलीत, एवढंच लिहा. मरताना तरी कुठल्यातरी देशाचं असावं माणसाने."

तो गेल्यावर सुनेत्रा म्हणाली, "अरे निशी, तमिळ मला येत नाही, पण १९४९ मी स्वतः वाचलंय. देऊया पत्र."

"आणि लिहूया की परवानगीशिवाय सरकारी बंगल्याला रंग फासला? आपला पीआरचा, इथे कायम राहण्याचा अर्ज आत आहे, सुनेत्रा."

"त्याचा त्याच्याशी काय संबंध?"

"नसेलही. तू बघणार आहेस का तो पणाला लावून?"

तिच्या अर्जाला रंगाने काही झालं असतं असं मला वाटत नाही. तिलाही वाटत नसावं. पण तिने पत्र लिहिलं नाही. सेल्वराजू दोनदा आला. पहिल्यांदा 'बघते' ऐकून गेला. दुसऱ्यांदा ती माडीवर असताना ऋचाला खाली पाठवून सांगितलं, आई घरी नाही. ऋचाने ते त्याच्याकडे न बघता सांगितलं.

मार्चमध्ये पीआर आला. पेढे वाटले. वर्षभराने ते कॉन्डोत, नव्या उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये गेले. सामान निघाल्यावर सुनेत्रा एकटी मागे आली आणि नखाने रंग खरवडू लागली. नख तुटलं. कपचाही निघाला नाही.

आता माझा गुन्हा. या दमट हवेत मी भिंतीवर रंग टिकू देत नाही, याबद्दल माझी बदनामी आहे. दिवाणखान्याचे पोपडे तेवढ्या काळात दोनदा पडले. त्या एका भिंतीवरचा रंग मात्र मी घट्ट धरून ठेवला. का? कारण मला नऊ साहेबांची यादी आवडत होती. इस्त्रीवालीच्या पोराचं नाव माझ्या अंगावर दिसावं, असं मला कधी वाटलंच नाही. सुनेत्राला भीती तरी होती. मला नुसता तोरा होता.

आज २०१९ साल आहे. मी रिकामा आहे, फाटकावर 'भाड्याने देणे'ची पाटी आहे. सेल्वराजू सत्तरीचा झाला, अजून तोआ पायोहलाच आहे आणि अजून कुठल्याच देशाचा नाही. माझ्यात राहायला येणाऱ्या माणसा, तू फोटो काढशीलच. त्याआधी कागद घे आणि माझा जबाब लिहून घे.

११ ऑक्टोबर १९४९, मंगळवार, सकाळ. मागची डावीकडची खोली. आई पोन्नम्मा, बाप कृष्णन. मुलगा झाला, लगेच रडला. नाव सेल्वराजू. तो इथलाच आहे. मी तिथे होतो.