नवऱ्याचं नाव

दिव्यानी खोब्रागडे सावली गावची. नागपूरला चित्रकला शिकली आणि घरच्यांच्या मनात होतं तशी शाळेत ड्रॉइंग टीचर न होता गडचिरोलीत टॅटूचं दुकान टाकून बसली. दुकान म्हणजे शटरची एक खोली. मागे पडदा, पडद्याआड बेसिन. सुरुवातीला दंडावर वाघ काढून घ्यायला पोरं यायची. मग हळूहळू बायका येऊ लागल्या. कुणाला सिझरच्या व्रणावर पळसाची फांदी हवी असे, कुणाला भाजल्याचा डाग झाकायचा असे. एटापल्लीहून आलेल्या एका नर्सने आजीच्या पायांवर होतं तसं गोंदण स्वतःच्या खांद्यावर काढून घेतलं होतं. बायकांची हरकत नसेल तर दिव्यानी या कामांचे फोटो काढी. नागपुरात एका प्रदर्शनात ते लागलेही होते. सुई लावण्याआधी बाईशी एकटीने बोलायचं, एवढा एकच नियम तिने ठेवला होता.

बाजाराच्या दिवशी भरदुपारी सुनिल आपल्या बायकोला घेऊन आला. पुनम तिचं नाव. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. ती खुर्चीत बसली नाही, शटरजवळच उभी राहिली.

"हिच्या हातावर माझं नाव पायजे," सुनिल म्हणाला. "मनगटापासून कोपरापर्यंत. दुरून दिसलं पायजे."

"त्यांना हवंय का?"

"बायको हाय ते माझी. तिले काय विचारता?"

"आधी हात धुवावा लागतो," दिव्यानी म्हणाली आणि पुनमला पडद्याआड घेऊन गेली. सुनिल पडद्याला लागून उभा राहिला. खालून त्याचे बूट दिसत होते.

दिव्यानीने नळ मोठा सोडला आणि हळूच विचारलं, "तुले पायजे का हे?"

पुनम हाताला साबण लावत राहिली. मग म्हणाली, "कपड्याच्या दुकानात कामाले जातो मी. गिऱ्हाइकासोबत हासली म्हणते हा. नाव दिसलं तं कोणी पाहणार नाई म्हणते."

"तुले नको असल तं मी नाई लिहित."

पुनमने झटक्यात मान वर केली. "तुमचं काय? नाई म्हणसान, शटर पाडसान, घरी जासान. तो म्हणते, त्या बाईनं नाई लिहिलं तं मीच लिहितो, सळाक तापवून."

प्रदर्शनात बायकांच्या शरीरावर त्यांचाच हक्क आहे वगैरे दिव्यानी छान बोलली होती, लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. इथे नकार द्यायचा तिने आणि चटके सोसायचे या पोरीने.

"झालं का?" बाहेरून आवाज आला. बूट हलले.

"कोणी आहे का तुझं?"

"माय हाय, सावलीकडे. पण ते वापस धाडते."

"तू सांगशील तसं करते मी. तुले सोबत पायजे असल तं सोबतही येते."

पुनमने पदराने हात पुसला, स्वतःच पडदा सारला आणि खुर्चीत जाऊन बसली. हात पुढे केला.

दिव्यानीने कागदावर अक्षरं काढली, कागद हातावर दाबला आणि अलगद सोलून घेतला. कातडीवर जांभळ्या रेघांत नाव उमटलं. यावरून आता सुई फिरवायची. सुनिलने मोबाईल काढून व्हिडिओ सुरू केला. "आता पाहतो कोण हासते तं."

मशीन गुणगुणायला लागलं. पुनम त्या जांभळ्या अक्षरांकडे बघत होती. सुई कातडीपासून बोटभर अंतरावर थांबवून दिव्यानीने सुनिललाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पुनम, लावू?"

"नाई."

"काय म्हनली?" सुनिल पुढे आला.

"नाई म्हनलं. हात माझा हाय."

त्याने तिचं मनगट धरून पिरगाळलं. दिव्यानीने मशीन खाली टाकलं आणि उन्हासाठी अर्धवट ओढलेलं शटर धाडकन वर केलं. समोर रस्त्यावर मोहफुलं आणि चारोळी घेऊन बसलेल्या बायका वळून बघू लागल्या. दोघीतिघी उठून दाराशी आल्या. "हात सोडा तिचा," दिव्यानी ओरडली. "तुमच्याच मोबाईलमध्ये येऊन राह्यलं सगळं."

सुनिलने दाराशी आलेल्या बायकांकडे पाहिलं, हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. मनगट सोडलं. "घरी ये, मंग पाहतो," म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला.

दिव्यानीने स्पिरिटचा बोळा दिला, तर पुनमने इतकं घासलं की हात लाल झाला.

"माय वापस धाडन," ती म्हणाली.

"चल तर. मी बोलते त्यांच्याशी."

बसस्टँडच्या फाटकाशी सुनिल गाडीवर बसलेला होता. दोघी त्याच्या समोरून चालत जाऊन बसमध्ये चढल्या. दिव्यानी खिडकीकडे बसली, पुनमला खिडकीपासून दूर बसवलं. त्याची गाडी बसच्या मागे मागे येत राहिली. वैनगंगेच्या पुलापर्यंत दिसत होती, नंतर दिसली नाही.

सावलीला पुनमच्या मायने, केसरबाईने, दारातच विचारलं, "जवाई कुठी हाय?"

दिव्यानी तोंड उघडणार, तेवढ्यात पुनमच बोलली. शेवटी तिने तापल्या सळाकीचं सांगितलं. केसरबाईने लेकीचा लाल झालेला हात हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, "आत ये. बाई, तुमीबी या."

दोन दिवसांनी सुनिल मित्रांना घेऊन आला आणि दिव्यानीच्या दुकानाचा बोर्ड फोडून गेला. घरमालकाने तिला खोली सोडायला लावली. तिने तक्रार दिली. पुनमनेही दिली, त्या दिवशी पोलीस ठाण्यात केसरबाई तिच्याशेजारी बसली होती. दिव्यानीचं दुकान आता बाजाराच्या दुसऱ्या टोकाला आहे, पहिल्याहून लहान. पुनम सावलीत ब्लाउज शिवते. केस अजून उभी राहिली नाही. सुनिलचे फोन येतात. ती उचलत नाही.