सिटीसाठी धरलेलं मौन

"टीमसाठी देवाकडे काही मागायचं नाही, सुप्रभा. समोरच्यांच्या घरीही देव असतो."

पहिल्यांदा स्टेडियमवर नेलं त्या दिवशी आमच्या ह्यांनी मला हे बजावलं होतं. हे कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून रुजू झाले आणि दुसऱ्याच शनिवारी वॉर्डातल्या एका पोर्टरबरोबर सिटीची, म्हणजे इथल्या फुटबॉल टीमची, मॅच बघून आले. तेव्हापासून चाळीस वर्षं सिटी म्हणजे घरातलंच एक माणूस. मी आधी नुसती सोबतीला जायची. मग हळूहळू ऑफसाइड कळायला लागलं आणि त्यानंतर राग यायला लागला. राग आला म्हणजे तू आमच्यातली झालीस, असं हे म्हणायचे.

हे जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचं सीझन तिकीट मी चालू ठेवलं. मागायचं नव्हतं, म्हणून मी काही मागितलं नाही. फक्त यंदा एक नेम धरला. शनिवारी माझा मारुतीचा उपास असतोच. त्याला जोडून, खेळ सुरू झाल्यापासून शेवटची शिट्टी होईपर्यंत मौन. बोलायचं नाही, फोन घ्यायचा नाही. गोल झाला तरी हात जोडायचे, बस्स.

शेजारच्या सीटवर ह्यांचे मित्र सतीशभाऊजी असतात. शाळेत गणित शिकवून रिटायर झालेत, पण मॅचला त्यांचा आवाज अख्ख्या स्टँडला ऐकू जातो.

"वहिनी, तुम्ही गप्प बसून जिंकवता आणि मी ओरडून हरवतो," ते म्हणतात. "रेफ्रीला तुमच्या वाटच्या दोन शिव्याही मीच घालतो."

यंदा सिटी वर वर चढत गेली. ते माझ्या मौनामुळे, असं मी कुणाला म्हटलं नाही. मनात मात्र म्हणत होते.

माझी दुसरी टीम म्हणजे शाल्मलीची. शाल्मली माझी नात. तिचे आईबाबा लंडनला, ईलिंगमध्ये असतात, ती इथल्या युनिव्हर्सिटीत शिकते आणि मुलींच्या हॉकी टीममध्ये गोलकीपर आहे. बुधवारी त्यांची दुसऱ्या युनिव्हर्सिट्यांशी मॅच असते, शनिवारी बाहेरच्या क्लबांशी. पहिल्या वर्षी मी एकही बुधवार सोडला नाही. यंदा थंडी, गुडघे, असं काहीबाही सांगत राहिले. शनिवारी स्टेडियमच्या पायऱ्या चढताना ते गुडघे दुखत नव्हते, हेही खरंच.

मार्चमधल्या एका शनिवारी, सेकंड हाफमध्ये, पर्समधला फोन थरथरला. शाल्मली. एक-एक बरोबरी होती. मी फोन परत ठेवला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा सतीशभाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. शेवटच्या दोन मिनिटांत सिटीनं गोल केला आणि सगळा स्टँड उभा राहिला. मीही उभी राहिले, हात जोडून.

शिट्टी झाल्यावर लगेच फोन लावला. तिनं घेतला नाही. संध्याकाळी तिचाच आला.

"काय गं, मघाशी तीनदा केलास?"

"काही नाही, आजी. आता ठीक आहे."

"सांग तरी."

"माझी जागा गेली. फर्स्ट टीममध्ये नवीन कीपर घेतली. शी इज बेटर, टू बी फेअर. मी आता थर्ड्समध्ये, तिसऱ्या टीममध्ये."

"आणि तेव्हा कुठे होतीस?"

"चेंजिंग रूममध्ये. रडत होते थोडी. आईला सांगितलं असतं तर तिनं लगेच कोचला ईमेल लिहिली असती. तू काही बोलत नाहीस, नुसती ऐकतेस. म्हणून तुला केला."

"माझं मौन होतं गं, शालू."

"माहीत आहे. इट्स फाइन. सिटी जिंकली ना?"

तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. ती मनापासून विचारत होती.

सकाळी पूजेला बसले तरी तेच डोक्यात. तिला माझा शब्द नको होता, कान हवा होता. फोन नुसता कानाला लावला असता तरी मौन मोडलं नसतं. पण मी घाबरले. एक-एक असताना काही बदललं तर, म्हणून घाबरले. म्हणजे इतके महिने मी मागतच होते, फक्त तोंडानं नाही. सिटीच्या बेंचवरच्या मुलांची नावं मला पाठ आहेत; त्यातला एकही मला ओळखत नाही, आणि त्यांनी ओळखावं असं काही नाहीही. त्या मुलांवर आपला जीव असतो, त्याला त्यांचा इलाज नसतो. पण शाल्मलीच्या टीममधलं शाल्मलीशिवाय एकही नाव मला सांगता आलं नसतं.

मी फोन केला. "तुझी पुढची मॅच कधी?"

"शनिवारी दोन वाजता, मिल्टन कीन्सला. थर्ड्सची फक्त शनिवारीच असते. पण आजी, सिटीची होम मॅच आहे. आणि थर्ड्सला कुणीच बघायला येत नाही."

"मी येते."

"प्रॉमिस करू नकोस हं."

"केलं."

धरलेला नेम असाच टाकून देता येत नाही. त्याचं उद्यापन करावं लागतं, कुणाला तरी जेवू घालावं लागतं. शुक्रवारी दुपारी सतीशभाऊजींना बोलावलं. वरण-भात, वाटली डाळ, शिरा.

"कशाचं उद्यापन, वहिनी?"

"सिटीच्या मौनाचं."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "सात मॅच राहिल्यात. वरच्या लीगमध्ये जायचे प्लेऑफ तोंडावर आलेत. मेमध्ये करा की. शिरा तेव्हाही गोडच लागेल."

"उद्या शाल्मलीची मॅच आहे."

"फर्स्ट टीमची?"

"थर्ड."

"थर्ड टीमसाठी सिटी सोडता? शशिकांत असता तर…"

"तर गाडी त्यांनी चालवली असती."

त्यांनी चमचा पुन्हा उचलला. "आणि आपण हरलो तर?"

"तर मला फार वाईट वाटेल, भाऊजी."

"मला तर तुमचंच नाव घेऊन ओरडावं लागेल." त्यांनी वाटी पुढे केली. "वाढा अजून थोडा. निदान पोटभर खाऊन हरू."

शनिवारी बाराला गाडी काढली. मोटरवेवर मी एकटी कधी गेलेले नाही, म्हणून आतल्या रस्त्यानं जायचं ठरवलं होतं. वीस मिनिटं जास्त लागतात. मिल्टन कीन्सच्या एकामागून एक येणाऱ्या राउंडअबाउटांची, त्या गोल चौकांची, धास्ती होतीच. शाल्मलीनं पोस्टकोड पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, नाही जमलं तरी चालेल.

कोपऱ्यावर सिटीचे आकाशी शर्ट घातलेलं एक कुटुंब स्टेडियमकडे चाललं होतं. त्यांना रस्ता ओलांडू दिला आणि मी डावीकडे वळले.